खडकवासला की रुरकी? ठाणे-नवी मुंबईच्या पाणी-अभियंत्यांसाठी तुलना

जलसंपदा विभाग, कोकण पाटबंधारे महामंडळ, सिडको, एमआयडीसी किंवा महापालिका, यांपैकी कुठेही पाण्याचं काम पाहणाऱ्या अभियंत्यापुढे प्रशिक्षणाचा विषय निघाला की दोन नावं हमखास येतात : पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय जल अकादमी आणि उत्तराखंडातलं रुरकी. दोन्हीकडे शिकवणं चांगलं आहे, पण वेगवेगळ्या गरजांसाठी. आज आपल्या टेबलावर कोणतं काम आहे, ते पाहून ठरवावं. संस्थेच्या नावाचं वजन पाहून ठरवू नये.

राष्ट्रीय जल अकादमी ही केंद्रीय जल आयोगाची संस्था. १९८८ मध्ये केंद्रीय प्रशिक्षण केंद्र म्हणून ती सुरू झाली. केंद्रीय जल अभियांत्रिकी सेवेत नव्याने आलेले अधिकारी इथेच घडतात, आणि राज्यांच्या अभियंत्यांसाठी वर्षभर छोटे कार्यक्रम चालतात : पूरसंकल्पन (किती मोठा पूर धरून बांधकाम आखायचं, ते ठरवणं), धरणसुरक्षा, जलाशयाचं परिचलन (पाणी कधी साठवायचं, कधी सोडायचं), हेक-रास (नदी-नाल्यातल्या पाण्याची पातळी काढणारं सॉफ्टवेअर), जीआयएस (संगणकीय नकाशे). वार्षिक वेळापत्रक आधीच जाहीर होतं. सकाळी ठाण्याहून निघालं की दुपारी सिंहगड रस्त्यावर पोचता येतं आणि राहण्यासाठी आवारातच वसतिगृह आहे. नोकरीत असलेल्या बहुतेकांसाठी आम्ही हीच संस्था सुचवू.

रुरकीत दोन वेगळ्या संस्था आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. एक आयआयटीचा जलसंपदा विकास व व्यवस्थापन विभाग. १९५५ साली प्रशिक्षण केंद्र म्हणून सुरू झालेला हा विभाग आज दोन वर्षांचं एम.टेक. देतो, आणि आशिया-आफ्रिकेतले अभियंतेही तिथे शिकून गेले आहेत. दुसरी राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, स्थापना १९७८. ती मुळात संशोधन संस्था. तिचे अभ्यासक्रम थोड्या दिवसांचे आणि नेमक्या विषयावरचे असतात. पाणलोटातला येवा (म्हणजे तिथून वाहून येणारं पाणी), पूर-पूर्वानुमान, जलगुणवत्ता, भूजलाची प्रतिमानं (मॉडेल), यातलं एखादं काम हातात असेल तर खडकवासल्यापेक्षा ही संस्था जास्त खोलात नेते. एम.टेक.साठी मात्र अध्ययन रजा, बंधपत्र आणि दोन वर्षांचा संसार, तिन्हींचा हिशेब आधी मांडावा लागतो. पुढची वीस वर्षं संकल्पनातच, म्हणजे डिझाइनच्या कामात, काढायची असतील तर ते जरूर करावं. पदोन्नतीच्या आशेने करणार असाल तर आधी सेवाप्रवेश नियम वाचा.

आता आपल्या भागातलं काम पाहू. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. साठा सुमारे १९१ दलघमी (दशलक्ष घनमीटर). आयएस ११२२३ या भारतीय मानकाप्रमाणे एकूण साठा ६० दलघमीपेक्षा जास्त किंवा पाण्याची उंची ३० मीटरपेक्षा जास्त असेल, तर सांडव्याची क्षमता पीएमएफला, म्हणजे संभाव्य महत्तम पुराला तपासावी लागते. शिवाय धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ मुळे धरणाच्या मालकावर आपत्कालीन कृती आराखड्याची जबाबदारी आहे, आणि जुन्या धरणांसाठी त्याला अधिनियम लागू झाल्यापासून ५ वर्षांची मुदत आहे. त्या आराखड्यासाठी धरणफुटीचा पूरनकाशा लागतो. अशा कामाला अकादमीचा धरणसुरक्षेचा कार्यक्रम आणि हेक-रासचा कार्यक्रम ही जोडी योग्य. हेक-रास आधी करावं, म्हणजे दुसऱ्या कार्यक्रमात आपल्याच धरणाबद्दल प्रश्न विचारता येतात.

वाशी, नेरुळ, बेलापूरच्या नाल्यांचं आणि होल्डिंग पॉन्डचं (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवणाऱ्या तलावांचं) गणित वेगळं आहे, आणि सर्वसाधारण अभ्यासक्रमात ते अर्धवट राहतं. वर्गात सरावाला बहुधा आतल्या प्रदेशातली नदी असते. तिच्या खालच्या टोकाला नॉर्मल डेप्थ (पात्राच्या उतारावरून निघणारी एकसारख्या प्रवाहाची खोली) दिली की काम भागतं. तीच सवय खाडीला मिळणाऱ्या नाल्यावर वापरली, तर भरतीच्या वेळची पूरपातळी प्रत्यक्षापेक्षा कमी निघते. इथे खालच्या टोकाला भरती-ओहोटीची तासागणिक पातळी द्यावी लागते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर धरावं. भरतीत फ्लॅप गेट (खाडीचं पाणी आत येऊ न देणारी झडप) बंद असताना पावसाचं पाणी तलावात किती चढतं, ते त्याशिवाय कळत नाही. त्याहून मोठी चूक संदर्भपातळीची. भरतीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमपासून (सागरी नकाशांच्या शून्य पातळीपासून, जी ओहोटीच्या नीचांकाजवळ असते) मोजलेली असते आणि आपली सर्वेक्षणाची पातळी सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोन्हींत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. तक्त्यात ४.८ मीटर भरती असेल, तर सर्वेक्षणाच्या भाषेत ती जवळपास २.३ मीटरच. हा फरक वजा करायचा राहिला तर अख्खा सेक्टर कागदावर बुडतो. खाडीचा गाळ आणि प्रवाह हाच मुख्य प्रश्न असेल, तर अकादमीच्या शेजारच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचे कार्यक्रम पाहावेत. बंदरांचा आणि खाड्यांचा अभ्यास हे त्यांचं जुनं क्षेत्र.

शहापूर-मुरबाडकडे भूजलाचं काम असलेल्यांनी रायपूरची राजीव गांधी भूजल प्रशिक्षण संस्था पाहावी. कालव्यावरचं पाणीवाटप आणि पाणीवापर संस्था हा विषय असेल तर राष्ट्रीय संस्थांच्या मागे लागू नका. छत्रपती संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) १९८० पासून मराठीत तेच शिकवते आहे.

निवड झाल्यावर गाडी अडते ती नामांकनावर. उपअभियंत्याचा अर्ज कार्यकारी, अधीक्षक, मुख्य अभियंता अशा वाटेने वर जातो आणि तोवर जागा भरतात. वेळापत्रक येताच अर्ज द्यावा आणि त्याची आगाऊ प्रत संस्थेला पाठवावी. जून ते सप्टेंबरमधले कार्यक्रम टाळावेत, कारण पूर नियंत्रण कक्षाची ड्युटी लागली की मंजूर नामांकन असूनही कार्यमुक्त करत नाहीत. शुल्काचे नियम सरकारी, महामंडळाच्या आणि खाजगी उमेदवारांना वेगळे असू शकतात, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक पाहूनच खर्चाची मंजुरी घ्यावी.

जाताना स्वतःच्या नाल्याचे किंवा नदीचे आडवे छेद, तासागणिक पावसाची नोंद आणि निदान एका पुराची प्रत्यक्ष मोजलेली पातळी पेनड्राइव्हवर न्यावी. छेद पात्रापुरते नकोत, दोन्ही काठांच्या पलीकडे पुराचं पाणी पसरतं तिथपर्यंतचे हवेत. पातळ्या कोणत्या बेंचमार्कवरून (माहीत असलेल्या उंचीच्या खुणेवरून) घेतल्या, तेही त्याच फाइलमध्ये लिहून ठेवावं.