शेंडी ते रतनवाडी : रस्ता झकास, साईडपट्टी भंगार

३२ वर्षं एसटी हाकली. त्यामुळे लोक नजारा बघतात तिथे माझी नजर आधी साईडपट्टीवर जाते.

शेंडीहून भंडारदरा धरणाच्या पाण्याकडेने मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडीला जाणारा हा रस्ता तसा छोटाच, १८-२० किलोमीटर. गेल्या सप्टेंबरात मुलाची स्विफ्ट घेऊन गेलो. शेजारच्या सीटवर आमची मंडळी. "डबल बेल!" म्हणाली आणि निघालो.

जाताना पाणी उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या खिडकीत. पण सलग दिसेल असं समजू नका. झाडीत शिरलं की गायब, वळण संपलं की एकदम अंगावर, आणि पलीकडे ढगात कळसूबाईची रांग. बांधांवर सोनकी पिवळीधमक, भात पोटरीला आलेलं. थर्डच्या वर गिअर टाकायची गरज पडली नाही आणि टाकावासा वाटलाही नाही. म्हशी भेटल्या तर हॉर्न देऊ नका. त्यांना घाई नसते, तुम्हालाही नसावी.

जाताना सगळं सोपं असतं. खरी परीक्षा परतीला. तेव्हा पाणी डाव्या अंगाला येतं, समोरून गाडी आली की डावं चाक उतरवायचं कुठे, तर तळ्याच्या बाजूला. आणि तिथली साईडपट्टी पावसाने धुऊन नेलेली, डांबराची कड वीतभर उघडी. कोलटेंभ्याच्या अलीकडे एका जीपला साईड दिली, चाक खाली गेलं, वर घेताना त्या कडेने टायरचा गाल चिरला. फस्सकन हवा गेली. जॅक ओल्या मातीत रुतायला लागला, तेव्हा शेळ्या राखणाऱ्या एका पोराने न सांगता चपटा दगड आणून खाली सरकवला. बक्षीस देऊ केलं तर म्हणाला, "बाबा, बिस्किट हाय का?" होतं. पुडाच दिला.

प्रवरेवरचं हे धरण १९१० ला सुरू होऊन १९२६ ला पुरं झालं, अजून उभं आहे. या रस्त्याच्या पॅचवर्कला मात्र एक पावसाळा निभत नाही. वळणावर सुटी खडी तशीच पडलेली. दुचाकीवाल्यांनो, तिथे पुढचा ब्रेक विसरा.

रतनवाडीत अमृतेश्वराचं दगडी मंदिर आहे, वर रतनगड. पुष्करणीच्या पायरीवर अर्धा तास बसलो. एका घरी नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळाला. चूल पेटवून करून देतात, म्हणून पोचल्या पोचल्या सांगून ठेवा आणि मग मंदिरात जा. आम्ही उलटं केलं आणि पाऊण तास उपाशी ताटकळलो.

काजव्यांसाठी मेअखेर-जूनमध्ये येतात, त्यांना एकच सांगणं. रात्री या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लावून हेडलाईट चालू ठेवतात, मग काजवे दिसले नाहीत म्हणून ओरडतात. दिवे तुम्हीच लावले तर ते कशाला लावतील?

मी सप्टेंबरात, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी सातला शेंडी सोडायला सांगेन. निघण्याआधी स्टेपनीत हवा आहे का ते बघून घ्या. पुढे मला पंक्चरवाला दिसला नाही.