कोहा, दहा महिन्यांनंतर: देवघेवीच्या टेबलावरून

आमचं तालुक्याचं वाचनालय. पुस्तकं अठरा हजारांच्या वर, माणसं तीन: ग्रंथपाल बाई, मी सहाय्यक आणि शिपाई मामा. मी बावीस वर्षं देवघेवीला बसते. संगणकावर तोवर फार तर इतिवृत्त टाईप केलेलं. गेल्या वर्षी कार्यकारिणीने कोहा, म्हणजे वाचनालयाच्या नोंदी आणि देवघेव संगणकावर ठेवायचं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरवलं, कारण ते फुकट. हे सॉफ्टवेअर मूळ न्यूझीलंडचं. होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांची जुनी प्रणाली 2000 साल उजाडताना बंद पडेल अशी धास्ती होती, म्हणून त्यांनी 1999 मध्ये हे नवं करून घेतलं आणि सगळ्यांना खुलं केलं. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट, पण परतफेड गृहीत धरलेली. परतफेड कशी असते ते आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं: सर्व्हर, स्कॅनर, स्टिकरचे रोल, इन्व्हर्टर.

प्रशिक्षण दोन दिवसांचं. शिकवायला आलेला मुलगा हुशार, पण त्याचा हात माउसवरून सुटेना. आम्ही मागे उभं राहून माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी एकटीने लॉगिन केलं तर पुस्तक द्यायचं कुठून तेच सापडेना. खरं शिकणं झालं ते मामांच्या शंभर पानी वहीमुळे. ‘आधी सभासदाचं कार्ड, मग पुस्तक, हिरवं दिसलं की द्या’ अशा भाषेत त्यांनी सगळं उतरवलं. मदतपुस्तिकेपेक्षा मी अजून तीच वही उघडते.

देवघेव चार दिवसांत हाताला बसली. एक घोळ मात्र दोन आठवडे छळत होता. स्कॅनर बीप करायचा आणि पडद्यावर ‘असा बारकोड नाही’. आम्ही स्टिकर बदलले, काच पुसली, वायर बदलली. शेवटी मामांच्या लक्षात आलं की बारकोडच्या चौकटीत आकडे मराठीत उमटतायत. स्कॅनर म्हणजे संगणकाच्या लेखी कीबोर्डच. मी शीर्षक टाईप करून मराठी कीबोर्ड तसाच चालू ठेवत होते आणि तो बिचारा इमानाने देवनागरी आकडे टाकत होता.

नोंदी हे खरं काम. मार्क नावाच्या साच्यात प्रत्येक गोष्टीला नंबराचं घर आहे: लेखक 100, शीर्षक 245, आपल्या प्रतीची माहिती 952. दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद खेचून घेता येते, असं आम्हाला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. इंग्रजी पुस्तकांना ते छान चालतं. मराठी पुस्तकं आम्ही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून ओढून पाहिली, तर मिळालेल्या नोंदी रोमन लिपीत, अक्षरांवर-खाली रेघा आणि टिंबं. आमच्या वाचकाला त्याचा काय उपयोग? म्हणून सगळं हातानेच चाललंय. आजवर सात हजार झाली असतील.

हाताने करताना आमचंच पितळ उघडं पडलं. दाखल नोंदवहीत पु. ल. देशपांडे पाच तऱ्हांनी लिहिलेले: पु.ल., पु. ल., पुल, नुसते देशपांडे, आणि एका ठिकाणी पूर्ण नाव. वहीत चाललं, कारण कपाट कुठलं ते मला पाठ होतं. कोहाने त्यांचे पाच लेखक केले. शिरवाडकरांची नाटकं एकीकडे आणि कुसुमाग्रजांच्या कविता दुसरीकडे. नावांचा प्रमाणित संच करून त्यांना ‘हेही पाहा’ने जोडायला ग्रंथपाल बाईंचा अख्खा उन्हाळा गेला. ‘दऱ्या’तला आडवा र तर भुतासारखा. तो दोन पद्धतींनी टाईप होतो, दिसतो एकसारखाच, पण एका पद्धतीची नोंद दुसऱ्या पद्धतीने शोधली की सापडत नाही. आता टेबलावर कागद चिकटवलाय, सगळ्यांनी कुठल्या कळा दाबायच्या त्याचा.

सुरुवातीला तर देवनागरी शोध धड चालतच नव्हता. शोधाच्या झेब्रा इंजिनात आयसीयू नावाची, इंग्रजीखेरीज इतर लिप्याही नीट हाताळणारी सोय चालू करून सूची पुन्हा बांधावी लागते. बसवून देणाऱ्याने ती केलीच नव्हती. तुम्ही घेणार असाल तर पैसे चुकते करण्याआधी त्याच्यासमोर पाच मराठी शीर्षकं शोधून बघा, जोडाक्षरांची.

सुट्ट्यांचं कॅलेंडर भरायचं आम्ही विसरलो. दिवाळीत चार दिवस कुलूप, आणि पाचव्या दिवशी निम्म्या सभासदांच्या नावावर दंड. एक निवृत्त गुरुजी दोन रुपयांसाठी अर्धा तास भांडले, आणि बरोबरच भांडले. दंड माफ करायचं बटण कुठे असतं ते मी त्या दिवशी शिकले. दिवाळी अंकांचा वेगळा साहित्यप्रकार करून मुदत तीन दिवसांची ठेवली, हे मात्र झकास जमलं. कुठला अंक कोणाकडे अडकलाय ते क्षणात दिसतं. पूर्वी जानेवारीपर्यंत चिठ्ठ्या शोधत बसायचो.

वाचकांनी घरून यादी बघावी ही कार्यकारिणीची हौस. बघतात थोडे, बहुतेक कॉलेजची मुलं. बाकीचे फोनच करतात, आणि मी कोहात बघून सांगते. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

वीज गेली की अजूनही वहीच. तपासणीला आलेले साहेबही दाखल नोंदवहीच मागतात, म्हणून तीही चालू आहे, शाईच्या पेनाने. दुहेरी काम होतं, कंटाळा येतो. पण परवा ग्रंथपाल बाई रजेवर होत्या आणि मामांनी एकट्याने अकरा नवी पुस्तकं चढवली. मी तपासली. एका ठिकाणी पृष्ठसंख्या राहिली होती, आणि पु. ल. सगळीकडे एकच.