सांगोल्याचे दोन रस्ते: गणपतरावांचा की शहाजीबापूंचा?

विधानसभा लढवायचं मनात असलेल्या कार्यकर्त्याला कधी ना कधी ठरवावं लागतं: आपला लहान पक्ष धरून तालुक्यात मुळं रोवत बसायचं, की ज्या मोठ्या पक्षाचं तिकीट हाती लागेल ते घेऊन मैदानात उतरायचं? अशा गप्पा रंगल्या की दोन्हीकडून नावं फेकली जातात. पण ती असतात वेगवेगळ्या जिल्ह्यांतली. तिथलं पाणी वेगळं, जातीचं गणित वेगळं, साखर कारखान्याचं राजकारण वेगळं. तुलना जुळतच नाही. सोलापूर जिल्ह्यातला सांगोला त्यासाठी सोयीचा आहे. तिथे हे दोन्ही रस्ते त्याच मतदारांसमोर आणि बराच काळ एकमेकांच्या विरोधातच चालले गेले. एकीकडे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) भाई गणपतराव देशमुख, तालुक्याचे आबासाहेब. दुसरीकडे शहाजीबापू पाटील, जे बाकीच्या महाराष्ट्राला २०२२ मध्ये गुवाहाटीतल्या ‘काय झाडी, काय डोंगर, काय हाटेल’ या फोनमुळे कळले. सांगोल्याला ते त्याआधी तीसेक वर्षं माहीत होते.

अकरा विरुद्ध दोन

गणपतराव अकरा वेळा निवडून आले, प्रत्येक वेळी सांगोल्यातून आणि शेकापकडूनच. १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, मग १९७८, १९८०, १९८५, १९९०, आणि एका पराभवानंतर १९९९, २००४, २००९, २०१४. हरले दोनदा, १९७२ ला आणि १९९५ ला. शहाजीबापू जिंकले दोनदा: १९९५ ला काँग्रेसकडून थेट गणपतरावांना पाडून, आणि २०१९ ला शिवसेनेकडून. मधली चोवीस वर्षं ते पडत राहिले आणि पुन्हा उभे राहत राहिले.

जाता जाता एक दुरुस्ती. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा हा देशातला विक्रम असल्याचं भाषणांत हमखास ऐकू येतं. तो महाराष्ट्रातला विक्रम आहे. केरळात के. एम. माणी यांनी पाला मतदारसंघ तेरा वेळा जिंकला आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा निवडून आले. करुणानिधींचे तेरा विजय मात्र वेगवेगळ्या मतदारसंघांतले. गणपतरावांचं मोठेपण या विक्रमावर अवलंबून नाही, त्यामुळे तो वाढवून सांगायची गरजही नाही.

अकरा विरुद्ध दोन म्हटल्यावर निकाल लागलाच असं वाटतं. पण विजय मोजणं ही सगळ्यात आळशी मोजणी. मताधिक्य बघा, चित्र जास्त बोलकं होतं.

१९९५ ला शहाजीबापू १९२ मतांनी आले. २०१९ ला ९९,४६४ विरुद्ध ९८,६९६, म्हणजे ७६८ मतांनी. आयुष्यातल्या दोन्ही आमदारक्यांचं मताधिक्य मिळून ९६० मतं. एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या गावाचं मतदान त्याहून जास्त असतं. आता पराभव बघा. २०१४ ला शिवसेनेकडून लढताना गणपतरावांना ९४,३७४ आणि बापूंना ६९,१५० मतं, फरक २५,२२४. २०२४ ला गणपतरावांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना १,१६,२५६ आणि बापूंना ९०,८७०, फरक २५,३८६. दहा वर्षांच्या अंतराने आजोबा आणि नातू जवळपास तेवढ्याच फरकाने जिंकले.

जिंकताना केसाच्या अंतराने आणि हरताना पंचवीस हजारांनी, असा हा रेकॉर्ड. माझं मत त्यावरूनच बनलंय: मोठ्या पक्षाचं तिकीट तुम्हाला सत्तर-नव्वद हजारांपर्यंत नेऊन सोडतं, पण शेवटचं हजार-पाचशेचं अंतर तिकीट कापून देत नाही. ते कोणीतरी दुसऱ्याने द्यावं लागतं.

तो दुसरा कोण

सांगोल्यात २०१९ ला तो दुसरा होता दीपकआबा साळुंखे यांचा गट. दीपकआबा राष्ट्रवादीचे, राष्ट्रवादीचा पाठिंबा शेकापला, पण त्यांनी बळ दिलं बापूंना. त्याच निवडणुकीत गणपतराव पहिल्यांदा रिंगणाबाहेर होते आणि शेकापकडून त्यांचे दुसरे नातू डॉ. अनिकेत देशमुख लढत होते. एवढं सगळं जुळून आलं तेव्हा ७६८.

२०२४ ला दीपकआबा स्वतःच उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून उभे राहिले आणि पन्नास हजारांच्या आसपास मतं घेऊन गेले. आता ती पन्नास हजार बापूंच्या नव्वद हजारांत मिळवून ‘नाहीतर आलेच असते’ म्हणायचा मोह होतो. तेवढं सोपं नाही. बापूंची मतं २०१९ च्या तुलनेत साडेआठ हजारांनीच घटली. शेकापची मात्र साडेसतरा हजारांनी वाढली. मतविभागणीत हे शेवटचं वाक्य मावत नाही. महाविकास आघाडीचा अधिकृत मित्र समोर उभा असताना आणि राज्यात महायुतीचं २३० जागांचं वारं असताना त्या पक्षाची मतं वाढली, तीही राज्यात त्याची ही एकच जागा येणार असताना.

गणपतरावांच्या रस्त्याची किंमत

त्या पक्षाची मतं टिकतात कुठून, हे समजून घेतल्याशिवाय ‘निष्ठा ठेवा, फळ मिळेल’ असला सल्ला कोणी कोणाला देऊ नये. निष्ठेवर आमदारकी येत नाही. १९६२ ला गणपतराव पहिल्यांदा आले तेव्हा २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या होत्या आणि शेकापच्या पंधरा. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापची कितीतरी वजनदार माणसं काँग्रेसमध्ये गेली. सांगोल्याचे वकील गणपतराव मात्र शेकापमध्येच राहिले आणि त्यांनी तालुक्यात संस्था उभी केली: शेतकरी सहकारी सूतगिरणी. कापसाचं फारसं पीक नसलेल्या, माण नदीच्या काठच्या दुष्काळी तालुक्यात सूतगिरणी. राज्यातल्या बऱ्याच सहकारी गिरण्या एकामागून एक बुडत असताना सांगोल्याची चालली, आणि नीट चालवलेली संस्था म्हणून तिचं नाव झालं. ज्या घरात गिरणीचा पगार येतो त्या घरात शेकाप म्हणजे काय, हे पत्रक वाटून सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट पाणी. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरू लागली. सातारा, सांगली, सोलापूरच्या तेरा दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळावं ही मागणी. गणपतराव त्या व्यासपीठावर कायम होते. टेंभू, म्हैसाळ या पाणी योजनांची नावं आज डाळिंबवाल्यांच्या तोंडी आहेत. तेव्हा ती फायलीत होती. कामाच्या या जातीत फळ यायला वीस वर्षं लागतात. पाच वर्षांचा आमदार त्यात उतरतच नाही, कारण उद्घाटनाची कोनशिला त्याच्या नावाची लागणार नसते.

आणि एसटी. एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असतं. बहुतेक ठिकाणी त्यावर दुसरंच कोणी निवांत बसलेलं असतं, कारण आमदार येणारच नसतात. गणपतराव यायचे. त्याच्या आख्यायिका खूप झाल्यात, काही तर ऐकून कंटाळा यावा इतक्या. पण कार्यकर्त्याने त्यातून साधेपणा घेण्यापेक्षा दुसरं काही घ्यावं: एसटीतल्या आमदाराला गाठायला पीएची चिठ्ठी लागत नाही.

आता किंमत. अर्धशतक आमदारकीत सत्तेचा काळ केवढा? १९७८ चं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार, जे फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं. आणि १९९९ चं विलासराव देशमुखांचं आघाडी सरकार. त्यातून शेकाप २००२ मध्ये बाहेर पडला, तोही सांगोल्याच्या कारणाने नव्हे. राष्ट्रवादीशी भांडण पेटलं होतं रायगडात. मंत्रिपद गेलं सोलापूरच्या माणसाचं. लहान पक्षात राहण्याचा हा खर्च कोणी आधी सांगत नाही. पक्षाचं वजन दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तुमच्या राजकारणाचे निर्णयही तिकडेच होतात. तरी ते राहिले. सगळे राहत नाहीत. २०१४ ला गणपतरावांच्या सोबतीला शेकापचे आणखी दोघे होते, अलिबागचे आणि पेणचे. त्यातले पेणचे धैर्यशील पाटील पुढे भाजपमध्ये गेले आणि २०२४ ला राज्यसभेत पोचले. तेव्हा पक्ष सोडून काही मिळत नाही, असंही म्हणता येणार नाही.

बापूंच्या बाजूने

शहाजीबापूंना नुसते ‘हाटेल’वाले म्हणून निकालात काढणाऱ्यांनी एक करून बघावं. एकदा जिंकून पुढची चोवीस वर्षं हरत राहायचं, खिसा रिकामा करायचा, आणि तरी दर निवडणुकीला हजारो लोकांनी आपल्याला उमेदवार मानावं, हे राखून दाखवायचं. बहुतेक माणसं दुसऱ्या पराभवानंतर जिल्हा बँकेच्या संचालकपदावर समाधान मानतात. पक्ष बदलला तरी माणसं सोबत राहिली, याचा अर्थ मतं पक्षाची कमी आणि बापूंची जास्त होती.

सत्तेचा हिशेबही त्यांच्या बाजूने चांगला निघतो. १९९५ ला काँग्रेसचे म्हणून आले तर राज्यात युतीचं सरकार. पहिली आमदारकी विरोधी बाकावर गेली. दुसरी मात्र पूर्ण सत्तेच्या बाजूला: आधी महाविकास आघाडी, जून २०२२ नंतर एकनाथ शिंदे. १० जानेवारी २०२४ ला विधानसभाध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गटालाच मूळ शिवसेना ठरवलं आणि कोणालाही अपात्र केलं नाही, त्यामुळे पक्षांतरबंदीची टांगती तलवारही गेली. पाच वर्षं सत्ता आणि राज्यभर ओळखीचा झालेला चेहरा, एवढं पदरात असताना पंचवीस हजारांनी पराभव.

इथे मी थोडा थांबतो, कारण नव्या माणसाची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. निधी आणला की मतं येतात, असं त्याला वाटत असतं. निधीने ठेकेदार येतात, सरपंच येतात, आणि सरपंचाचा विरोधक त्याच दिवशी समोरच्या तंबूत जाऊन बसतो. गावात सभामंडप एकाच गटाच्या वाड्यासमोर बांधता येतो.

मग तुम्ही काय करायचं

मला विचाराल तर मोजायची गोष्ट एकच: पडल्यानंतर हातात काय उरतं. १९९५ ला १९२ मतांनी पडल्यावर गणपतराव सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. गिरणी होती, पाणी परिषद होती, प्रत्येक गावात पक्षाची शाखा होती. पुढच्याच निवडणुकीत परत आले. त्याच जागेवर पडल्यावर बापूंना परत यायला तीन निवडणुका मध्ये गेल्या. २०१९ ला नातू ७६८ मतांनी पडले, आजोबा जुलै २०२१ मध्ये गेले, तरी २०२४ ला शाखा जागेवरच होती. (डाव्या विचारांच्या पक्षालाही उमेदवार शोधताना त्याच घरात जावं लागलं, ही बाब मला खटकते. पण मतदारांना खटकली नाही.)

तुमचं वय पस्तिशीच्या आत असेल, तालुक्यात पक्षाची जिवंत माणसं असतील आणि एखादी पतसंस्था, दूध संघ, गिरणी, निदान पाणीवापर संस्था स्वच्छ हाताने चालवायची तयारी असेल, तर आबासाहेबांचा रस्ता धरा. पहिली दहा वर्षं काही मिळणार नाही असं धरून चाला. मुंबईत तुमचं कोणी ऐकणार नाही, हेही गृहीत धरा.

तुमच्या तालुक्यात लहान पक्ष म्हणजे नुसता बोर्ड आणि एक लेटरहेड असेल, तर त्याच्याशी निष्ठा ठेवून कोणाचंच भलं होत नाही. तिकीट घ्या. फक्त तिसऱ्या गटाशी आज जमलेलं पुढच्या खेपेला जमेलच असं समजू नका. त्या गटाच्या नेत्यालाही आमदार व्हायचंच असतं. आणि पहिल्या विजयाच्या पाच वर्षांत स्वतःची एक संस्था उभी करा, सरकारच्या निधीवर न चालणारी.

ठरवण्याआधी एक काम मात्र करा. निवडणूक आयोगाकडे प्रत्येक मतदारसंघाचा फॉर्म २० असतो, केंद्रनिहाय मतांचा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. तुमच्या तालुक्याचे मागच्या दोन निवडणुकांचे काढा आणि शेजारी ठेवा. केंद्रांचे क्रमांक बदललेले असतात, म्हणून गावाच्या नावावरून जुळवा. ज्या गावांत उमेदवार बदलूनही पक्षाचं मतदान हललं नाही, तिथे हिरवी खूण. ज्या गावांत पक्ष बदलूनही माणसाचं मतदान हललं नाही, तिथे लाल. हिरवी गावं तालुक्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी निघाली, तर लहान पक्षाच्या जिल्हाध्यक्षांना भेटायला जायची घाई नको.