मॅग्नाइटचं साधं मॉडेलच निसानला तारेल, आणि आपल्यालाही तेच परवडेल

निसानची मॅग्नाइट घ्यायची म्हटलं की लातूर-नांदेडकडे पहिला प्रश्न गाडीबद्दल येत नाही. "कंपनी राहील ना?" असंच लोक विचारतात. शंका रास्त आहे. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात निसानला ६७० अब्ज येनच्या वर तोटा झाला. त्याच फेब्रुवारीत होंडाबरोबरची विलीनीकरणाची बोलणी फिसकटली होती. मे महिन्यात २० हजार नोकऱ्या कमी करायचं आणि १७ कारखान्यांचे १० करायचं कंपनीनं जाहीर केलं. चेन्नईजवळच्या ओरगडम कारखान्यातला ५१ टक्के हिस्साही भागीदार कंपनी रेनोला देऊन टाकायचं ठरलं. मॅग्नाइट मात्र त्याच कारखान्यात तयार होते आणि इथूनच साठाहून जास्त देशांत जाते. त्यामुळे गाडी उद्या अनाथ होईल ही भीती तितकी खरी नाही. खरी अडचण वर्कशॉपची आहे, ती पुढे येईलच.

स्वस्त गाडीचा प्रयोग निसाननं भारतात आधीही केला होता. २०१४ मध्ये डॅटसन गो ३.१२ लाखांत आणली. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला शून्य तारे मिळाले आणि २०२२ मध्ये डॅटसन हे नावच भारतातून गेलं. तिथं पैसा वाचवला तो नेमका माणसाच्या जिवाशी संबंधित ठिकाणी. मॅग्नाइटमध्ये हे उलटं केलंय. ऑक्टोबर २०२४ च्या नव्या रूपापासून अगदी खालच्या व्हिसिया मॉडेललाही सहा एअरबॅग आणि गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा आहे. किंमत तेव्हा ५.९९ लाखांपासून होती (एक्स-शोरूम), आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यावर ती आणखी उतरली. साधेपणा कुठं करायचा हे कंपनीला आता कळलंय, असं म्हणायला हरकत नाही.

आता इंजिन. साधं १ लिटरचं तीन सिलेंडरचं पेट्रोल इंजिन ७२ पीएस ताकद देतं आणि ९६ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढायची ताकद), तोही ३,५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेत असताना. हा आकडा लक्षात ठेवा, कारण गाडीचा सगळा स्वभाव त्यात आहे. सपाट रस्त्यावर दोन-तीन माणसं असतील तर काही कमी पडत नाही. पण पाच माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू अशी गाडी धारूरच्या घाटात तिसऱ्या गिअरवर रेटली, तर इंजिन २,००० च्या खाली येतं आणि धडधड थेट पायाखाली जाणवते. असं रोज केलं की इंजिन माउंट आणि क्लच प्लेट दोन्ही लवकर जातात. वळण यायच्या आधीच दुसरा टाका, आरपीएम ३,००० च्या वर राहू द्या, तीव्र चढापुरता एसी बंद करा. ओव्हरटेकलाही तेच: आधी गिअर खाली, मग बाहेर निघा.

दुसरं इंजिन टर्बो. ते १०० पीएसचं आहे आणि चालवायला खरंच मजेचं. मॅन्युअलला १६० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. वर्षातून दहा-बारा वेळा पुणे-मुंबई होत असेल तर टर्बो मॅन्युअल घ्या. टर्बोमध्ये ऑइल बदलायला उशीर चालत नाही, आणि लांबून वेगात आल्यावर अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवून मगच बंद करावं.

ऑटोमॅटिकचे दोन प्रकार आहेत. साध्या इंजिनाला एएमटी मिळतो, टर्बोला सीव्हीटी, म्हणजे बेल्ट-पुलीवर चालणारा गिअरबॉक्स. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच यंत्र दाबतं. त्यामुळे चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, क्लच जळतो, ब्रेकवर धरा. सीव्हीटी शहरात मऊ चालतो, पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला आम्ही तो सुचवणार नाही. सीव्हीटी बंद पडली की शेजारच्याचा ट्रॅक्टर येतो, पुढच्या हुकाला दोर बांधतात आणि गाडी पंधरा किलोमीटर ओढत नेतात. पुढची चाकं जमिनीवर फिरतात, इंजिन बंद असल्यानं आतला ऑइल पंप फिरत नाही, आणि बेल्ट-पुलीचा निकाल लागतो. दुरुस्तीचा खर्च त्या ओढण्यातूनच सुरू होतो. सीव्हीटी न्यायची तर पुढची चाकं उचलून किंवा सपाट ट्रेलरवरच.

२०५ मिमी ग्राउंड क्लिअरन्स ही मॅग्नाइटची आपल्याकडची सगळ्यात मोठी जमेची बाजू. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो, आणि चाकोरीच्या मधला उंचवटा ठेंगण्या गाड्यांच्या चेंबरला घासतो. इथं ती सहसा निभावून नेते. ३३६ लिटरची डिकी पुरेशी आहे. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं लांबच्या प्रवासाला दाटीनंच बसतात, हे मान्य करूनच घ्या.

देखभालीचा खरा कस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागतो. सोयाबीनची मळणी रस्त्याकडेला चालते, भुसकट उडतं. पाठोपाठ कापसाचे तंतू. हे सगळं समोरच्या जाळीतून आत जातं आणि एसीच्या कंडेन्सरवर गोधडीसारखं बसतं. मार्चमध्ये ऊन वाढलं की मग तक्रार येते: चालताना एसी ठीक, सिग्नलला गरम हवा. गॅस भरून घेण्याआधी कंडेन्सर धुऊन पाहा, आणि तेही साध्या पाइपच्या पाण्यानं. प्रेशर वॉशरनं त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि हवा कायमची अडते. एअर फिल्टर सर्व्हिसची वाट न पाहता दर ५,००० किलोमीटरला काढा, आतून बाहेर कमी दाबाची हवा मारा. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी कधीच टाकू नका. आपल्याकडच्या पाण्यात क्षार इतके, की रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, बस्स. गाडी शेतात कडब्याच्या बनमीजवळ लावत असाल तर रात्री बॉनेट उघडं ठेवा किंवा जागा बदला; अंधार आणि ऊब मिळाली की उंदीर पहिल्यांदा सेन्सरच्या वायरी कुरतडतात आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

जालना किंवा संभाजीनगरहून समृद्धीवर चढणाऱ्यांनी उन्हाळ्यात टायरची हवा कमी करायची नाही. "गरमीत फुगतं म्हणून दोन पॉइंट कमी" हा सल्ला पंक्चरवाले प्रेमानं देतात, पण कमी हवेचा टायर बाजूनं जास्त वाकतो, त्यातूनच तापतो आणि फुटतो. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा, सकाळी टायर थंड असताना, एवढंच पाळा.

सीएनजीचा हिशोब बरेच जण विचारतात. मे २०२५ पासून साध्या मॅन्युअल इंजिनाला डीलरकडे बसवायचं मान्यताप्राप्त किट ७४,९९९ रुपयांत आलं, आणि पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. पेट्रोल १०५ रुपये आणि १६ चं मायलेज, सीएनजी ९० रुपये आणि २२ चं मायलेज धरलं, तर किलोमीटरमागे अडीच रुपयांच्या आसपास वाचतात. म्हणजे किटचे पैसे ३० हजार किलोमीटरनंतर सुटतात. वर्षाला आठ-दहा हजारच फिरत असाल तर टाकीपायी डिकी घालवू नका. बसवलंच तर आरसीवर नोंद आणि विमा कंपनीला कळवणं दोन्ही करा, आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी).

आता कंपनीनं काय करावं. मे २०२५ च्या योजनेत सुट्या भागांची गुंतागुंत ७० टक्क्यांनी कमी करायचं निसाननं म्हटलंय. वाळूजच्या सुटे भाग बनवणाऱ्या कुठल्याही व्हेंडरला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही: एक डाय (साचा), जास्त नग, नगामागं कमी खर्च. मॅग्नाइटचं साधं इंजिन रेनोच्या क्विड आणि ट्रायबरच्याच घराण्यातलं आहे, म्हणून गावातल्या मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला असतो. ट्रायबरच्या पायावरची निसानची सात आसनी ग्रॅव्हाइटही याच वाटेवरची. वाट बरोबर आहे. पण परभणी-हिंगोलीच्या माणसाला बंपरसाठी दुसऱ्या जिल्ह्यात गाडी नेऊन सोडावी लागली, तर शोरूममध्ये वाचलेले पन्नास हजार जाण्यायेण्यात आणि खाड्यात जातात. क्लच सेट, ब्रेक पॅड, हेडलॅम्प, पुढचा बंपर आणि काच, एवढे पाच जिन्नस जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवले तरी निम्मी भीती जाईल.

तोवर बुकिंगची रक्कम देण्याआधी डीलरला एकच विचारा: हेडलॅम्प आणि पुढचा बंपर आज स्टॉकमध्ये आहे का, नसेल तर किती दिवसांत मिळेल? उत्तर कोटेशनच्या कागदावर लिहून घ्या. लिहून द्यायला तयार झाला तर व्हिसियाच्या वरचं मॅन्युअल मॉडेल निवांत बुक करा.