४ स्टार, काम चोख पण फोन उचलत नाहीत

काका ब्रेन स्ट्रोकनंतर कोमात, म्हणून गार्डियनशिपच्या ऑर्डरसाठी (म्हणजे त्यांचे व्यवहार बघायला कोर्टाने काकूला नेमावं म्हणून) ह्या वकील मॅडमकडे गेलो. रत्नागिरीत ज्याला त्याला विचारलं तर पॉवर ऑफ ॲटर्नी (आपल्या वतीने व्यवहार करायचं लेखी अधिकारपत्र) करून घ्या एवढंच सांगायचे, एक एजंट तर म्हणाला स्टॅम्पपॅड घेऊन हॉस्पिटलात जा नि अंगठा उठवा, पुढचं मी बघतो. मॅडमनी ते ऐकून चष्माच काढून टेबलावर ठेवला. बेशुद्ध माणसाचा अंगठा घेतलात तर तुम्हीच आत जाल म्हणाल्या, आणि काकांनी आधी पॉवर दिलेली असती तरी माणसाची समज गेली की कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २०१ प्रमाणे ती संपतेच. काकू म्हणाली, "अहो पण मी बायको आहे ना त्यांची!" तर बायकोलाही आपोआप अधिकार मिळत नाही. इकडे आंब्याची फवारणी तोंडावर, खातं एकट्या काकांच्या नावावर, आणि बँकवाले ऑर्डर आणा म्हणून अडून बसलेले.

आमच्या वाडीतल्या एकांनी सेरेब्रल पाल्सीवाल्या मुलासाठी कलेक्टर ऑफिसातून हे काम फुकटात करून घेतलेलं, आम्हाला वाटलं तिथेच अर्ज टाकू. पण कलेक्टर ऑफिसात हे काम करते ती समिती १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यातली, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच (मूल १८ चं झालं की आईबापांनाही तिथून गार्डियन म्हणून नेमणूक घ्यावी लागते, हे किती जणांना माहितीय?). कोमा, स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला प्रतिनिधीसुद्धा फक्त उपचारांपुरता, बँकेला नि जमिनीला त्याचा काही उपयोग नाही. मग उरतं हायकोर्ट, घटनेच्या कलम २२६ खाली रिट, म्हणजे थेट हायकोर्टात अर्ज.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) झालंय, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आता तिकडे, त्यामुळे मुंबईची वारी वाचली, आंबा घाट मात्र पाठ झाला. कोर्टाने मेडिकल बोर्डाचा रिपोर्ट मागितला, मालमत्तेची यादी मागितली, आणि वारसांची नाहरकत ॲफिडेविटवर. चुलत बहीण जरा फुरंगटलेली होती, मॅडमनी तिला स्वतः फोन करून समजावलं की गार्डियन म्हणजे मालक नव्हे, आईला दर पैशाचा हिशेब कोर्टाला द्यायचाय आणि जमीन विकायची झाली तर परत परवानगी काढावी लागेल, तेव्हा कुठे सही झाली. ते काम आमच्याच्याने झालं नसतं हे खरं.

एक स्टार कापला तो फोनसाठी. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही, आणि ज्युनिअरला विचारलं तर "मॅडमना विचारून सांगतो". फी आधी ठरली तेवढीच घेतली, पण झेरॉक्स नि टायपिंगचं बिल वेगळं लागतं ते आधीच विचारून घ्या.

जायचं तर संध्याकाळी जा, सकाळी कोर्टात असतात. सातबारा नि आठ-अ हे जमिनीचे उतारे ताजे काढून न्या, जुने दाखवलेत तर परत पाठवतात.