ओपन एमपीआय + ओपनएमपी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नोडच्या (क्लस्टरमधल्या एका संगणकाच्या) आत ओपनएमपीचे थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे धागे) आणि नोडा-नोडांमध्ये ओपन एमपीआयचे (एमपीआय या मेसेज पाठवायच्या मानकाची एक लायब्ररी) मेसेज, अशा सी++ कोडवर काही महिने काम केल्यावरचं मत: पाया भक्कम आहे, पण काही चुकलं तर ही जोडी तोंडातून ब्र काढत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते बाइंडिंग, म्हणजे कोणती प्रोसेस प्रोसेसरच्या कोणत्या कोअरवर चालेल ते बांधून देणं. प्रोसेस दोन किंवा कमी असतील तर ओपन एमपीआय डिफॉल्टनं प्रत्येकीला एकेका कोअरला बांधतं. मग तिचे, समजा, आठ थ्रेड असतील तर आठही त्याच कोअरवर रेटारेटी करतात. उत्तर बरोबर, एरर नाही, वेग मात्र गायब. त्यामुळे कोडला हात लावण्याआधी एमपीआयरनला (प्रोसेस सुरू करणारी कमांड) '--रिपोर्ट-बाइंडिंग्ज' द्यायचं आणि कोण कुठे बसलंय ते बघायचं. नोडवर दोन सॉकेट (प्रोसेसर चिप बसवायच्या जागा), प्रत्येकी आठ कोअर असतील तर '--मॅप-बाय सॉकेट:पीई=8 --बाइंड-टू कोअर' (पीई=8 म्हणजे प्रोसेसमागे आठ कोअर; आवृत्ती 5 मध्ये सॉकेटऐवजी पॅकेज). सॉकेटमागे एकच प्रोसेस ठेवली की थ्रेडना पलीकडच्या सॉकेटची मेमरी गाठायची वेळही सहसा येत नाही. थ्रेडची संख्या ठरवणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल '-एक्स' लावून पाठवायला विसरू नका. दुसऱ्या नोडवर ते आपोआप पोचेल याची खात्री नाही.

दुसरा छुपा घोळ सेंडचा, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्या कॉलचा. दोन रँक (क्रमांक दिलेल्या प्रोसेस) एकमेकींना आधी सेंड करतात आणि मग रिसीव्ह, असा कोड छोट्या ग्रिडवर (गणनेच्या बिंदूंची जाळी) बिनबोभाट चालतो, कारण छोटा मेसेज बफरमध्ये जाऊन सेंड लगेच परततो. ग्रिड वाढवली की सेंड समोरच्या रिसीव्हची वाट बघत बसतो आणि दोघी अडकतात. तपासायला सगळीकडे सेंडच्या जागी एस-सेंड (समोरचा रिसीव्ह सुरू होईपर्यंत थांबणारा सेंड) घालायचा. छोट्या ग्रिडवरही अडकलं तर कोडच चुकीचा. सेंड-रिसीव्ह हा एकच कॉल वापरा, नाहीतर आधी आय-रिसीव्ह, मग आय-सेंड (हे दोन्ही न थांबता लगेच परततात), शेवटी सगळं पूर्ण होईपर्यंत थांबणारा वेट-ऑल.

चार प्रोसेस सुरू केल्या आणि चारही 'मी रँक 0, एकूण 1' म्हणाल्या, तर बहुतेक वेळा कंपाइल एका एमपीआयनं आणि रन दुसऱ्याच्या एमपीआयरननं झालेलं असतं.

डीबगिंग हा कच्चा दुवा. जीसीसी कंपायलरच्या ओपनएमपीवर थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडमधली डेटाची टक्कर शोधणारं साधन) खोट्या तक्रारींचा पाऊस पाडतो. क्लँग या कंपायलरसोबत आर्चर (ओपनएमपीसाठीचं तसंच साधन) बराच बरा. अडकलेल्या रनसाठी मात्र साधी युक्तीच कामी येते: प्रत्येक रँकला जीडीबी (डीबगर) अटॅच करून बॅकट्रेस (त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनची यादी) घ्यायचा आणि कोणती रँक वेगळ्या ओळीवर थांबलीय ते शोधायचं.