किनाऱ्यावर मुलांचे फोटो: पाठीशी सकाळचं ऊन की संध्याकाळचं?

कोकणात सुटीला गेलं की मुलांचे फोटो संध्याकाळीच काढायचे, हे जवळपास ठरलेलं असतं. मीही बराच काळ तेच केलं. आता गुहागर असो की कर्दे, शक्यतो सकाळी मुलांना बाहेर काढतो. सूर्य दोन्ही वेळी त्यांच्या पाठीशीच असतो; फरक पडतो तो त्यांच्या तोंडासमोर काय आहे त्याने.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे संध्याकाळी सूर्याकडे पाठ केलेलं मूल जमिनीकडे बघतं आणि त्याच्यासमोर सुरूचं बन नाहीतर माडांची गर्द रांग असते. तिथून चेहऱ्यावर उजेड कसला येणार? एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) वाढवलं तर चेहरा उजळतो, पण मागचा समुद्र पांढराफटक होतो. सकाळी सगळं उलट. ऊन झाडांमागून येतं, मूल समुद्राकडे बघतं आणि समोरचं उघडं आकाश नि ओली वाळू मिळून चेहऱ्यावर मऊ उजेड टाकतात. मागची झाडं सावलीत असल्याने केसांची सोनेरी कड लख्ख उठते. लहान मुलांच्या कानामागची लवसुद्धा दिसते.

संध्याकाळी हा उजेड आपणच आणायचा, म्हणजे रिफ्लेक्टर आला: ऊन चेहऱ्यावर परतवणारा, एका बाजूने चंदेरी आणि दुसरीने पांढरा असा ताणलेला पडदा. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. रिफ्लेक्टर सूर्याकडे, म्हणजे समुद्राकडे धरावा लागतो, आणि खारा वाराही नेमका तिकडूनच येतो. रिफ्लेक्टर शिडासारखा फुगतो. धरायला उभी केलेली मावशी दोन्ही हातांनी आवरत असते, तोवर उजेडाचा पट्टा चेहऱ्यावरून पोटावर आणि पोटावरून वाळूवर गेलेला असतो. बसलाच चेहऱ्यावर, तर चंदेरी बाजूच्या तिरिपीने पोरं डोळे मिटून घेतात. पांढरी बाजू डोळ्यांना सोसते, पण ती इतकी जवळ आणावी लागते की फ्रेममध्ये घुसते. एवढं होईतो भाची शंख वेचायला निघून गेलेली असते. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, वारा तुलनेने मंद असतो, आणि मुळात तेव्हा रिफ्लेक्टर लागतच नाही.

फ्लॅशला वाऱ्याची फिकीर नाही, हे मान्य. पण मावळतीच्या तांबूस उन्हाशेजारी त्याचा उजेड निळसर दिसतो, म्हणून फ्लॅशवर नारिंगी जिलेटिनचा पारदर्शक कागद लावायचा. आणि ऊन उतरेल तसा त्याचा रंगही बदलत राहतो. ज्यांचा हात त्यावर बसलाय त्यांचे फोटो फार सुरेख येतात. मुलांमागे पळताना मला ते झेपत नाही.

संध्याकाळचं एक मात्र सकाळला जमत नाही: मुलांनी उडवलेलं पाणी. सूर्य पाण्याला टेकत आला की एकेक थेंब पेटतो, आणि तेव्हा चेहरा काळा राहिला तरी चालतो. धावणारी, उड्या मारणारी नुसती काळी आकृती हवी असेल तर खुशाल संध्याकाळ निवडा. मुलाचं हसू हवं असेल तर मी सकाळच म्हणेन.

सकाळची अडचण एवढीच की वेळ थोडा मिळतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण डोंगर आणि सुरू ओलांडून ऊन वाळूवर यायला पाऊण तास सहज जातो. नऊनंतर ते टाळूवरून नाकाच्या शेंड्यावर उतरू लागतं. तो पांढरा ठिपका दिसला की मी कॅमेरा बंद करतो. ओहोटी असेल तर ओली वाळू जास्त मिळते. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते, म्हणजे द्वितीया-तृतीयेला दुपारी दीड-दोन. त्याआधी सहा तास, सकाळी साडेसात-आठला, पाणी पार मागे गेलेलं असतं. निवासाचं बुकिंग करतानाच कालनिर्णय बघून घ्या, आणि मुलांना आदल्या रात्री लवकर झोपवा.